तिसऱ्या दगडाला ठेच्याचा वास

मित्रांनो, मी एक जुना, काळपट चुलीचा दगड आहे. आम्ही तिघे. नेपाळातल्या भोजपूरच्या किराती राई घरात अशा तीन दगडांच्या चुलीला सुप्तुलुंग म्हणतात. तिथे घरचे पूर्वज राहतात. परक्याने हात लावायचा नाही.

आमची बोजू, म्हणजे घरची आजी, कॅनडाला निघाली तेव्हा तिने बॅगेतले स्वेटर काढून आम्हाला भरले. ग्वेल्फच्या स्वयंपाकघरात मात्र विजेची शेगडी. आम्ही खिडकीखाली, मातीच्या ट्रेमध्ये नुसते बसून. समोरचा काउंटरटॉपही दगडच, पण पॉलिश केलेला. आमच्याशी बोलत नाही.

बेसमेंटमध्ये साताऱ्याची अक्षता भाड्याने राहते. उधौलीच्या, म्हणजे सुगीनंतरच्या पूजेच्या सकाळी ती वर येऊन पुटपुटली, "मिक्सरमध्ये ठेच्याची पेस्टच होते यार!" तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. मला साबणाने आंघोळ घालून ती खाली घेऊन गेली आणि माझ्याखाली मिरच्या-लसूण ठेचू लागली.

"एक नंबर!" ती म्हणाली. खरं सांगतो, कित्येक वर्षांत कोणी माझं कौतुक केलं नव्हतं.

वर बोजू पूजेला बसली, तर ट्रेमध्ये दोनच दगड! तिचा चेहरा उतरला. "दोन दगडांवर भांडं राहत नाही, पूर्वज कसे राहतील?"

इतक्यात अक्षता बशी घेऊन आली. दोघी हिंदीत बोलतात. मी मराठीत सांगतो.

"आजी, ठेचा ट्राय करा ना!"

"कशाने कुटलास, छोरी?"

"ट्रेमध्ये तो दगड होता ना..." अक्षताने रिकामी जागा पाहिली आणि जीभ चावली. "आय ॲम सो सॉरी, आजी! तो देव होता?"

"देव नाही. माझे सासरे!"

अक्षता धावत जाऊन मला घेऊन आली. बोजूने मला धुतलं, शुद्धीसाठी आलं चोळलं, राई भाषेत पूर्वजांची क्षमा मागितली. मग बोटभर ठेचा चाखला. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"माझ्या भाजीला जन्मभर तिखट म्हणून नावं ठेवली सासऱ्यांनी," ती हसत म्हणाली. "आज कळलं असेल!"

आम्हा तिघांची पूजा पार पडली. शिक्षा म्हणून अक्षताला संध्याकाळी साकेला नाचात उतरावं लागलं. या नाचात हातांनी शेतीची कामं दाखवतात. सगळे कापणी करत होते, तेव्हा ही पेरत होती. दुसऱ्या दिवशी बोजूने नदीकाठचा एक दगड तिच्या हातात ठेवला. "हा तुझा. याच्यात कोणी राहत नाही."

मित्रांनो, कुणाच्या घरातला दगड उचलण्याआधी एकदा विचारा. तो कुणाचा तरी सासरा असू शकतो. आणि माझ्या अंगाला लसणाचा वास अजून येतो; आल्याने तो पुरता गेला नाही. मी तक्रार केलेली नाही.