नमुन्याची डुबकी

बारकी घरात धाकटी, म्हणून ती बारकी. पण दुकानात येणाऱ्यांना वाटायचं, नाव तिच्या नजरेवरूनच पडलं असणार. दुकान जुन्या घड्याळांचं. वडिलांनी उभं केलेलं, आता बापलेक मिळून चालवायची. लांबलांबचे शौकीन तिथे यायचे, कुणी रुमालातून, कुणी मोज्यातून, एकाने तर चक्क साबणाच्या डबीतून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं. मग प्रश्न ठरलेला, "खरं आहे ना हो?" आणि विचारून झालं की माणूस श्वास रोखून उभा.

बाबांची पद्धत साधी होती. त्यांच्या तिजोरीत एकेका प्रकारचं एकेक अस्सल घड्याळ होतं. त्याला ते नमुना म्हणायचे. आलेलं घड्याळ नमुन्याशेजारी ठेवायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि दोन्हींत कुठे काय वेगळं दिसतं ते शोधत बसायचं. शेवटी निकाल मात्र बाबाच द्यायचे. बारकी शोधायची, बाबा बोलायचे, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

सगळ्या नमुन्यांत बाबांचा जीव होता तो डुबकीवर. डुबकी हे शौकिनांनी ठेवलेलं नाव. काळी तबकडी, जाड भिंगासारखी काच, भोवती फिरणारी कडी. पाणबुड्यांसाठी बनवलेलं घड्याळ, बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. बाबांनी तरुणपणी एका शौकिनाच्या मिनतवाऱ्या करून आपली डुबकी मिळवली होती. दुसऱ्या दिवशी घड्याळप्रेमींच्या मेळाव्यात बाबांचं भाषण होतं, अस्सल कसं ओळखावं यावर, आणि टेबलावर मधोमध मिरवणार होती ती डुबकीच. सकाळपासून ते आरशापुढे उभं राहून भाषण म्हणत होते. आईने तर कानांत कापूस घालायची धमकी दिली होती.

अशात दुकानात एक बाई आल्या. उंच, खांदे रुंद, केस ओले. पोहण्याच्या तलावावर शिकवायच्या, तिथूनच तडक आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एक घड्याळ काढलं.

"माझ्या काकांचं आहे. बंदरात पाणबुडे होते ते, मागच्या वर्षी गेले. आमच्यात कुणी म्हणतं खरं, कुणी म्हणतं बाजारातलं. काय ते एकदाचं सांगून टाका."

बारकी आनंदाने उठलीच. डुबकी! इतक्या वर्षांत दुसरी डुबकी तिने एक-दोनदाच पाहिली होती. तिने बाईंना खुर्ची दिली, तिजोरीतून बाबांची डुबकी काढली आणि दोन्ही घड्याळं दिव्याखाली शेजारी शेजारी मांडली.

भिंगातून बघताच तिला पहिला फरक सापडला. कंपनीच्या नावातल्या शेवटच्या अक्षराला खाली एक शेपटी होती. बाबांच्या घड्याळात ती बारीक आणि टोकदार, बाईंच्या घड्याळात जाड नि गोलसर. बारकीच्या मनाने टाळी वाजवली. पकडलं! बनावट घड्याळ सापडलं की तिला असंच व्हायचं, लपाछपीत पडद्यामागचे पाय दिसावेत तसं.

पण बाबांना हाक मारायला तोंड उघडणार तोच तिची नजर परत त्या शेपटीवर गेली. बाईंच्या घड्याळावरची शाई जराशी फुगलेली होती, तबकडीवर थेंब बसावा तशी. बाबांच्या घड्याळावरची अगदी सपाट. आणि त्या काळातल्या घड्याळांची शाई तर फुगलेलीच असते! तिने घाईघाईने तिजोरीतले त्याच काळातले आणखी नमुने काढले. एक पाहिला, दुसरा पाहिला. सगळ्यांची शाई फुगलेली. सपाट फक्त बाबांच्या डुबकीची.



खणातून तिने जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी काढली. आकड्यांवर अंधारात चमकणारा जो रंग असतो, तो इतक्या वर्षांत मेलेला असतो. बॅटरी मारली तर क्षणभर उजळतो आणि बॅटरी बंद केली की लगेच विझतो. आजकालचा रंग असेल तर मात्र बराच वेळ चमकत राहतो. बारकीने बाईंच्या घड्याळावर ओंजळीचा अंधार केला, बॅटरी मारली, विझवली. ओंजळीत काळोख. मग बाबांची डुबकी घेतली. बॅटरी मारली, विझवली. ओंजळीत हिरवे काजवे बसावेत तसे बारा ठिपके टकाटक चमकत राहिले.

"काय झालं हो?" बाई खुर्चीतून उठल्याच. "तुमचा चेहरा असा का झाला?"

"तुम्ही चहा घ्या," बारकी म्हणाली. बाईंच्या हातात चहा कुठे होता! आणि ती तशीच आतल्या खोलीकडे पळाली.

आरशासमोर बाबा हात उंचावून "मित्रहो" म्हणत होते.

"बाबा, भाषण राहू द्या. आधी बाहेर चला."

सगळं ऐकून बाबा हसले. "बॅटरी बिघडली असेल." दुसरी बॅटरी आणली. "सेल उतरले असतील." सेल बदलले. हिरवे ठिपके काही विझायला तयार नाहीत. बाबांनी भिंग लावलं आणि ते जे वाकले ते वाकलेलेच राहिले. आई गल्ल्यावरून मान लांब करून बघायला लागली.

"थांब," शेवटी ते म्हणाले. "घाई नको. इंटरनेटवर फोटो बघ. तिथे शेपटी कशी आहे?"

बारकीने शोधलं. डुबकीचे फोटो बरेच निघाले, वेगवेगळ्या लोकांनी टाकलेले. सगळ्यांत शेपटी बारीक आणि टोकदार. बाबांचा जीव भांड्यात पडला. "बघ! म्हटलं नव्हतं?" पण बारकी एकेक फोटो मोठा करत होती. पहिल्या फोटोत घड्याळ धरलेला एक अंगठा होता, नखावर तिरपी रेघ. दुसऱ्यातही तोच अंगठा. तिसऱ्यात अंगठा कापलेला, पण मागे त्यांच्याच दुकानातला टेबलक्लॉथ.

"बाबा, अंगठा दाखवा."

बाबांनी निमूटपणे अंगठा पुढे केला. नखावर तिरपी रेघ. कधीकाळी त्यांनी आपल्या डुबकीचे फोटो एका मासिकाला दिले होते. तिथून जगभरातल्या लोकांनी ते उचलले होते. सगळं जग बाबांच्याच घड्याळावर विसंबून होतं.

"म्हणजे सगळ्यांना मीच..." बाबा खुर्चीत बसले. पण ते फार वेळ बसणारे नव्हते. भुवया वर गेल्या, बोटं टेबलावर तडतडा वाजायला लागली. "एक मिनिट. दोन घड्याळांचं भांडण आहे. आपण एकाची बाजू का घ्यायची? बाईंच्या काकांनी तबकडी बदलून घेतली नसेल कशावरून? तिसरी डुबकी पाहिजे. नवी कोरी असताना ज्याच्या हातात आली त्याच्याकडेच राहिलेली आणि जिला कुणा दुरुस्तीवाल्याने हात लावला नाही, अशी."

"ती कुठून आणायची?" बारकी म्हणाली.

"काकांच्या तुकडीत सगळ्यांना एकाच दिवशी एकसारखी घड्याळं मिळाली होती," बाई म्हणाल्या. "एक आजोबा अजून आहेत. बंदरावर सुनेचं दोरखंडाचं दुकान आहे, तिथे बसलेले असतात. घड्याळ त्यांच्या हातातच असतं."

बाबांनी चपला घातल्या. एक स्वतःची, एक आईची.

"जेवून तरी जा!" आई ओरडली. गाडी तोवर वळणावर पोचली होती.

बाबा पुढे, मागे बारकी आणि बाई. दोघींच्या मांडीवर दोन डुबक्या, आणि प्रत्येक खड्ड्याला बाबा मागे वळून "सांभाळा!" म्हणून ओरडत. गाडी चालवणारेही तेच होते, त्यामुळे खड्डे जरा जास्तच लागत होते.

दोरखंडाच्या दुकानात डांबराचा वास भरला होता. दारात स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ दोराची टोकं एकमेकांत गुंफत बसले होते. आयुष्य पाण्याखाली गेल्यामुळे कान कामातून गेलेले. मनगटावर दोरीच्या पट्ट्यात बांधलेली डुबकी. काच इतकी ओरखडलेली की आत वेळ आहे की नाही याचीच शंका यावी.

"बेडके, तू!" बाईंना पाहून ते ओरडले. "किती वर्षांनी! हे कोण? नवरा?"

"नाही हो आजोबा, हे घड्याळवाले!"

"गवळी?"

"घड्याळ! तुमचं घड्याळ जरा बघायचंय त्यांना!"

आजोबांनी मनगट छातीशी ओढून घेतलं. "काढणार नाही. हे काढलं की हात हलका होतो, आपोआप वर जातो. भाजीवाल्याला वाटतं मी नमस्कार करतोय."

"आजोबा, घड्याळ कधी दुरुस्तीला दिलं होतं का?" बारकीने त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"कशाला? मागे पडलं तर पडू दे. मला कुठे जायचंय?"

बाबा आणि बारकीने एकमेकांकडे पाहिलं. कुणाचा हात न लागलेली डुबकी. शेवटी तोडगा बाईंनीच काढला. घड्याळ काढायचं नाही, आजोबांचा हातच टेबलावर ठेवायचा. सुनेने दोरांची वेटोळी बाजूला सारून जागा केली. मधे आजोबांचं मनगट, एका बाजूला बाईंची डुबकी, दुसऱ्या बाजूला बाबांची. बारकीने भिंग डोळ्याला लावलं.

ओरखड्यांमधून बघायला वेळ लागला. ती काचेवर थोडी ओली फुंकर मारायची, रुमालाने पुसायची, मान तिरकी करायची. मग एका कोनात अक्षरं लख्ख दिसली. शेवटचं अक्षर. शेपटी जाड, गोलसर. शाई फुगलेली. तिने बॅटरी मारली, विझवली. काळोख.

"काय दिसतंय?" बाबा टेबलावर ओणवे झाले होते. "बारके, बोल ना! काय म्हणतेस?"

निकाल आजवर बाबांनीच दिले होते. तिला वाटलं, भिंग त्यांच्या हातात द्यावं आणि आपण बाजूला व्हावं. पण बाबा भिंग मागत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखे, श्वास रोखून.

"आजोबांचं आणि बाईंचं घड्याळ एकसारखं आहे," ती म्हणाली. "दोन्ही अस्सल. आपली तबकडी बनावट आहे, बाबा."

आजोबांनी मोकळ्या हाताने काम सुरूच ठेवलं होतं.

मग बाबांनी खिशातून झाकण उघडायची किल्ली काढली. "तबकडी बनावट. बरं. पण आतलं काय?" तिथेच, दोरांच्या मधोमध, त्यांनी आपल्या लाडक्या डुबकीचं झाकण फिरवून उघडलं. आतलं यंत्र झळाळत होतं. बारकीने पाहिलं, चाकांवरचे कोरीव नंबर, स्क्रूंची घडण. सगळं जुनं, सगळं खरं. "यंत्र अस्सल आहे, बाबा! फक्त चेहरा कुणीतरी नवा बसवलाय. आणि काय सुरेख बसवलाय!"

"सुरेख?" बाबांचे डोळे लकाकायला लागले. "अगं, मला फसवलं म्हणजे सुरेख असणारच! माझं भाषण, बारके! उद्याचं भाषण! सगळं बदलायचं. दोन्ही घड्याळं टेबलावर ठेवायची आणि मंडळींना सांगायचं, ओळखा पाहू. एकालाही येणार नाही! बाई, उद्यापुरतं तुमचं घड्याळ द्याल?"

"देते की. फक्त संध्याकाळी परत पाहिजे, मी ते घालून पोहायला जाणार आहे."

बाबा इतक्या जोरात "नको!" ओरडले की आजोबांनासुद्धा ऐकू गेलं.

परतताना गाडी बारकीने हातात घेतली, कारण बाबांना आता एका जागी बसवत नव्हतं. भाषणाची नवी वाक्यं सुचत होती, ती ते खिडकीबाहेर हात काढून म्हणून बघत होते. मधेच त्यांनी हात एकदम आत घेतला.

"काय झालं?"

"ते दातांचे डॉक्टर. मागच्या वर्षी डुबकी घेऊन आले होते. जाड शेपटीची. मी खोटी म्हणून परत पाठवली त्यांना."

बारकीने गाडी कडेला घेतली. बाबांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे दात कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता, तो थांबला.

"डॉक्टर, तुमचं ते घड्याळ," बाबा घाईघाईने म्हणाले, "टाकून नाही ना दिलंत? कुणाला देऊन तर नाही ना टाकलंत? अहो, ते खरं आहे! चूक माझी झाली."

बारकी फोनकडे झुकली.

"हातातच आहे की," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही खोटं म्हणालात, तेव्हापासून बिनधास्त रोज घालतो. बागेत माती खणताना घालतो, भांडी घासताना घालतो. इतका जीव जडलाय त्याच्यावर!" मग त्यांचा आवाज पडला. "अहो, पण आता खरं निघालं म्हणजे काढून ठेवावं लागणार का?"

बाबांनी बारकीकडे पाहिलं. हसू इतकं फुटत होतं की उत्तर देणं त्यांना जमेना. त्यांनी फोन तिच्या तोंडापुढे धरला.

"घाला हो डॉक्टर," बारकी म्हणाली. "फक्त भांडी घासताना तेवढं काढा."