वाघुरीतली पहाट

“ह्या गोष्टीवर कुणाचा इस्वास बसणार न्हाई. माझा सोताचाच बसत न्हाई, तर तुमचा कुठून बसंल,” राधाकिसन आबा म्हणाले आणि बशी त्यांनी अशी बेतानं खाली ठेवली, की धावडा गावच्या चौकातल्या हॉटेलात बसलेल्या सगळ्यांनी ओळखलं, आता म्हातारा लवकर उठत नाही.

आबांच्या थापा गावाला नव्या नव्हत्या. उभा जन्म एसटीच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेला. हजारो ब्रेक त्यांनी बसवले, फक्त स्वतःच्या जिभेला तेवढा बसवायचा राहिला. पण आजची थाप हॉटेलातल्या माणसांसाठी नव्हतीच. समोर लिंबाखाली त्यांची गाडी उभी होती. शाळेची जुनी मिनीबस. रिटायर झाल्यावर आबांनी ती घेतली, बाकडी काढून पलंग बसवला, शेगडीला कोपरा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली आणि खिडक्यांना बायकोच्या जुन्या लुगड्यांचे पडदे लावले. ह्या फिरत्या घरातून नवरा-बायको उन्हाळाभर विदर्भातली जंगलं पाहून आले होते. आता आशाबाई त्याच घरातली भांडी एकेक करून बाहेर काढत होत्या. मुलगा गोरक्षनाथ फिटरला आणायला गेला होता. आज पलंग निघणार, आणि उद्यापासून त्या जागी हिरव्या मिरचीची पोती भरून गाडी बाजाराला पळणार.

गाडी आशाबाईंच्या नावावर होती, आणि होकारही त्यांचाच होता. परत आल्या आल्या नळावर कुणीतरी बोललं होतं, “पक्कं घर असून बिऱ्हाड घेऊन हिंडायचं म्हंजे काय? मेंढरं इकली, पण मेंढरामागचं हिंडणं न्हाई सुटलं तुमचं.” आशाबाई घागर उचलून घरी आल्या आणि त्या दिवसापासून प्रवासाचं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही. मुलानं गाडी मागितली तेव्हा एवढंच म्हणाल्या, “ने.” आबांनी विनवून पाहिलं, रुसून पाहिलं, एक वेळ उपाशीही राहून पाहिलं. बाई हलली नाही. मग त्यांच्याकडे एकच हत्यार उरलं, आणि ते तोंडातच होतं.

“सांगा मंग,” धर्मराज म्हणाले. हे गावातले मोठे कपाशीवाले. आबांच्या थापा पकडायचा मान त्यांनी आपणहून घेतलेला. “पण फोटो दाखवून सांगा.”

“फोटो ढीगभर हायेत.” आबांनी मोबाइल पुढं केला. नागझिरा, नवेगाव, पेंच, ताडोबा. प्रत्येक जंगलाच्या पाटीखाली आशाबाई ताठ उभ्या, डोक्यावर पदर, चेहरा आधार कार्डावरच्यासारखा.

“ह्याच्यात जनावर कुठंय?”

“जनावर पाटीच्या मागं हाये. जंगल मोठं असतंय, धर्मराजशेठ.”

हॉटेलवाला राधेश्याम गाळणी धरून हसला. आबांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांचे कान लिंबाखालच्या भांड्यांवर होते.

“ताडोब्याच्या बाहेर एका शेतकऱ्याच्या पडीक रानात गाडी लावली. इचारून लावली बरं का. दिवस बुडायला आल्ता. आन् मी काय केलं, टपावरून वाघूर काढली.”

“ती मेंढरं कोंडायची जाळी?” राधेश्यामनं विचारलं.

“तीच. बापाच्या हातची. मेंढरं गेली, पण ती न्हाई टाकून देऊ वाटली. गाडीच्या चहूबाजूनं खुंट्या ठोकल्या, वाघूर ताणली, गाठी मारल्या.”

“मेंढरं होती का संगट?” धर्मराजांनी डोळे बारीक केले.

“एक बी न्हाई.”

“मंग कोंडलं काय? डिझेल?”

“अहो, मुक्काम पडला की वाघूर लावायची, हे हाताला ठावं. मेंढरं हायेत का न्हाईत, हे हात इचारतोय का?” आबा पुढं वाकले. “सकाळी उजाडता उजाडता दार उघडलं. आन् ऐका. वाघुरीच्या आत चितळं. दोन-चार न्हाई. समदी वाघूर भरून. चाकाला टेकून पिल्लं, बोनटापाशी माद्या, आन् शिंगाळा नर आरशात तोंड बघून राह्यला.”

हॉटेलात हशा पिकला. आबा मात्र हसले नाहीत. थाप चालली होती खरी, पण इथं त्यांचा आवाज आपोआप उतरला; त्या पहाटेचं नाव काढलं की तो असाच उतरायचा. “हसा. पण त्या टायमाला तुम्ही असते तर हसले नसते. धुकं व्हतं जमिनीसरशी. अंगावरचे ठिपके तेवढे दिसत व्हते, अंग न्हाई. आभाळ खाली उतरून वाघुरीत बसलंय, असं वाटलं. आन् एवढ्या जिवांचा एक आवाज न्हाई. निस्ता श्वास. समद्यांचा मिळून एकच.”

लिंबाखाली एक पातेलं दुसऱ्यावर ठेवता ठेवता थबकलं. आबांनी ते ऐकलं आणि हळूच एक नजर तिकडं टाकली.

“फोटो?” धर्मराज सोडत नव्हते.

“दोन्ही हात जोडले व्हते. कोणच्या हातानं काढू?”

तेवढ्यात गोरक्षनाथ फिटरला घेऊन आला. फिटरनं पान्ह्यांची पिशवी गाडीच्या पायरीवर ठेवली. आता थाप अशी मोठी मारायला हवी होती, की दगडालाही वाचा फुटावी.

“तर मंग,” आबांनी आवाज चढवला, “वाघुरीच्या भाईर, बांधावर वाघ. केवढा, तर ह्या हॉटेलाएवढा. जीभ भाईर काढून बसला व्हता, चितळं आत अन् ह्यो भाईर, आमच्या राखणीच्या कुत्र्यासारखा. मी उतरलो. म्हणलं, वाघोबा, ही माझ्या वाघुरीत आलेली लेकरं हायेत, तुम्ही आपला रस्ता धरा. तर उठला बिचारा, शेपूट झटकली, आन् गेला.”

“आन् वहिनी?” राधेश्यामनं विचारलं. आबांना हाच प्रश्न पाहिजे होता.

“ती कुठली उठते. पांघरुणात तोंड खुपसून थरथर कापून राह्यल्ती. बाईमाणूस. मंग म्याच एकट्यानं काय केलं, वाघूर धरली आन् एका झटक्यात उपटून फेकली. चितळं गेली आपली टणाटण उड्या मारत.”

पातेलं दणकन खाली आलं. आशाबाई फिटरच्या पिशवीवरून पाय टाकून उतरल्या आणि तरातरा रस्ता ओलांडून हॉटेलासमोर उभ्या राहिल्या.

“झटक्यात उपटली? वाघूर?” त्या म्हणाल्या. “मेंढक्याच्या पोटी जन्मले ना तुम्ही? वाघूर एकदम उपटली तर कळप बिथरतो, अन् मोठ्यांच्या पायाखाली पिल्लं जातात. शेंबडं पोरगं बी सांगंल.”

“मंग तूच सांग कशी काढली ते,” आबा भोळेपणानं म्हणाले.

“मी काढली. पांघरूण तुमच्या डोक्यावर व्हतं. माझ्या न्हाई.” आशाबाई आता कुणाकडंच पाहत नव्हत्या. “मी बसूनच उतरले. बसलेल्या माणसाला जनावर भीत न्हाई, माझा बाप म्हणायचा. एका कोपऱ्याची गाठ सोडली आन् दोर हातात धरून हळूहळू जमिनीला टेकवला. जाळी निजवायची असती, पाडायची नसती. आन् वाघ-बीघ कुणी पाह्यला न्हाई. नुसता वास आल्ता. उग्र. समद्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या, बांधाकडं. मी बी तिकडंच बघून राह्यल्ते. तिथं काईच नव्हतं, पण ते काईच नसणं सुदिक आमच्याकडं बघत व्हतं.”

गोरक्षनाथ फिटरला सोडून दोन पावलं पुढं आला होता. आईला एवढं बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

“मंग एक म्हातारी मादी उठली. माझ्या हातावरून, ह्या इथून, पाय टाकून गेली. तिच्यामागं समदी, एकामागं एक. नाकाचा ओला वारा लागत व्हता मनगटाला. एक पिल्लू थांबलं, माझी बांगडी हुंगली, आन् गेलं. माझ्या बापानं जन्मभर मेंढरं वळली, पण रानानं आपण होऊन त्याच्या वाघुरीत मुक्काम केला का कधी? माझ्या वाघुरीत केला.” त्यांनी मनगटावरून दुसरा हात फिरवला. “आन् नळावर बाया म्हणत्यात, हिंडणं सुटलं न्हाई. न्हाईच सुटलं. का म्हणून सुटावं?”

धर्मराजांनी मोबाइल आबांकडं परत सरकवला. थापा पकडणाऱ्या माणसाला पकडायला काही सापडलं नाही.

“आई,” गोरक्षनाथ दबकत म्हणाला, “मंग पलंग?”

“पलंगाला हात न्हाई लावायचा. मिरचीला टेम्पो बघ. पावसाळा सरून जंगलं उघडली की आम्ही जाणार हाये.” त्या फिटरकडं वळल्या. “बाबा, आलाच हायेस तर टपावरची टाकी गळती, तेवढी बघून जा. आन् च्या घेऊन जा.”

फिटर टपावर चढला. राधेश्यामनं न सांगता आशाबाईंसाठी कप विसळला. आबांनी बशीतला थंड चहा उगाच फुंकला, ओठावरचं हसू बशीआड धरलं आणि अगदी पडेल आवाजात म्हणाले, “असं व्हय. वाघूर तू सोडली व्हती. वय झालं आता, बिलकुल ध्यानात राहत न्हाई बघ काई. म्हणून चुकीचं सांगून बसलो.”

आशाबाईंनी नवऱ्याला पायापासून टोपीपर्यंत निरखलं.

“खोटं,” त्या भर चौकात म्हणाल्या. “ध्यानात समदं हाये तुमच्या.”