दुसरी बशी

धर्मपालमामाच्या हातात पितळी वाटी होती आणि वाटीत कच्च्या सरकीची भरड. उर्वशी दारातच थांबली. यवतमाळच्या डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची तारीख उलटून गेली, मामा गेलाच नाही, असा मामीचा फोन आला होता. म्हणून ती प्रयोगशाळेतलं काम अर्धं टाकून नागपूरहून दिग्रसला आली होती.

"हे काय खाऊन राह्यले मामा?"

"तुहीच दवाई," मामा हसला. "जय भीम नाई, काई नाई. आल्या आल्या वकिली!"

मामा कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर. सरकीला तोटा नव्हता. लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून सांगितलं होतं, मूत्राशयात कॅन्सरची गाठ आहे, अजून खोल गेलेली नाही, लवकर काढून टाका. आणि भाची नेमकी त्याच कॅन्सरच्या पेशींवर सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याचा परिणाम तपासत होती.

त्या वर्षी जिल्ह्यात कापसाने नुसत्या शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्या दिल्या होत्या. त्यात पेपरात आलं की सरकीतल्या द्रव्याने कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबली. गावाला एवढं पुरे होतं. मामाने स्वतः पुढाकार घेऊन विहारात भाचीचा सत्कार ठेवला. उर्वशी माईकवर सांगत होती, एका काचेच्या बशीत मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशी ठेवल्या, त्यांना हे द्रव्य दिलं, पेशी वाढायच्या थांबल्या, मग मेल्या. टाळ्या पडल्या. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. मामाने तिच्या हातातून माईक घेतला, पाहुण्यांना हार घातला. पाहुणे दम लागेपर्यंत बोलले. मग चहा झाला आणि लोक घरी गेले.

"दुसऱ्या बशीत निरोगी पेशी होत्या," उर्वशी आता ओरडतच होती. "त्याच द्रव्याने त्याही मेल्या! बशीत तर साबणाच्या पाण्यानेही कॅन्सर मरतो, मामा. माणसाच्या पोटात काय होतं ते आम्हाला अजून शोधायचंय."

"मंग त्या दिवशी काहून नाई सांगितलं?"

"माईक कोणी ओढून घेतला?"

चुलीपाशी बसलेली तुळसाबाईमामी मध्येच बोलली. "मी म्हणून राह्यली होती, ढोराले बी सरकी बेतानं देतेत. पण ऐकते कोण? पेपरात भाचीचा फोटो आलता ना!"

"तू चूप राय!" मामाने वाटी आपटली. "जल्मभर दुसऱ्याच्या दवाखान्यात मान खाली घालून उभा राह्यलो मी. पहिल्यांदा आपल्या घरातल्या पोरीनं काई शोधून काढलं. अन् मी तिची दवाई सोडून दुसऱ्याच्या चाकूखाली जाऊ? मंग तुले शिकवलं कायले?"

"हेच ऐकायला शिकवलं. ऐका ना मग!"

मामा तावातावाने उठायला गेला आणि गुडघ्यातून वाकला. भिंत धरली म्हणून पडला नाही. उर्वशीचा आवाज खाली आला, राग नाही. तिने मामाला बजावलं, सरकीचं हे विष अंगातलं पोटॅशियम उतरवतं, पाय लुळे पडतात, कधी हृदयाचे ठोकेही चुकतात. आता डॉक्टर लगेच भूलही देणार नव्हते. आधी ते पोटॅशियम भरून काढायचं आणि मग गाठ. तोवर गाठ काही थांबणार नव्हती.

"अजून कोणाला दिली?"

मामीने शेजारच्या घराकडे बोट केलं.

"रुपीबाईले," मामा पुटपुटला. "तिच्या पोटात गोळा हाय. जीप बोलाव, येतो मी दवाखान्यात. पण तिले तू सांग. तुह्यं ऐकन ते."

"नाही. भरड तुमी नेऊन दिली. तुमीच सांगा."

जीप आली. मामीचा खांदा धरून मामा शेजारच्या अंगणापर्यंत गेला. रुपीबाई खलबत्त्यात सरकीच कुटत होती.

"रुपीबाई, ते खाऊ नको. दवाई नोय ते. म्या चुकीचं सांगितलं."

रुपीबाईने हात थांबवला. आधी मामाकडे पाहिलं, मग मागे उभ्या उर्वशीकडे.

"काहून? तुमाले पुरून नाई राह्यली का आता?"

मामा वाकला आणि त्याने खलबत्ता नालीत उपडा केला. रुपीबाई उठली. त्याचा बाप काढला, जिनिंग काढली, भाचीचा सत्कार काढला. आजूबाजूच्या बाया दारात आल्या. उर्वशी पुढे व्हायला गेली, तर मामाने हाताने तिला मागे सारलं.

"दे शिव्या," तो रुपीबाईला म्हणाला. "लागन तेवढ्या दे. पण जीपमंदी बसून दे. डाक्टरले पोट दाखवू."

रुपीबाईने आणखी एक शिवी हासडली, पदर खोचला आणि मामाला ढकलून त्याच्या आधी जीपमध्ये चढली.