दुकानात दोनदा विचारलं होतं

आमच्या यासोथोनकडच्या देवळात वर्षातून एक दिवस भिक्खू सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गाऊन प्रवचन सांगतात. एकेका अध्यायाचं यजमानपण एकेका घराकडे असतं. यंदा एक अध्याय आमच्याकडे आला होता. मला त्या गाण्याचं वेड. सूर वर चढला की तथागताचं बोट धरून चालल्यासारखं वाटतं. पण धाकट्या बहिणीला, ओरथायला, यजमानीण म्हणून पुढे बसायची धास्ती होती.

"ओरथाय पुढे बसली तर मागच्यांना भिक्खू दिसायचे कसे गं?" शेजारची सोमजीन मावशी म्हणायची. सगळ्या हसायच्या. ओरथाय सगळ्यांत मोठ्याने हसायची.

मग ती गुपचूप उबोन शहरात जाऊन आली. तिथल्या डॉक्टरांनी भूक मारणारी गोळी लिहून दिली आणि बजावलं, दुसरं कुठलंही औषध, साधं सर्दीचं असलं तरी, घ्यायच्या आधी ही गोळी चालू आहे म्हणून सांगायचं. हे तिने फक्त मला सांगितलं.

प्रवचनाला दहा दिवस उरले होते, तेव्हा तिला सर्दी झाली. नाक गच्च. आमच्या घरात कुणाचंही औषध आणायचं ते मीच.

"ताई, दुकानात त्या गोळीचं सांग हं."

"सांगते गं बाई. अजून म्हातारी नाही झाले."

औषधांच्या दुकानात माझ्यामागे सोमजीन मावशी आणि आणखी दोघीजणी उभ्या. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "तिला आणखी काही चालू आहे का? रक्तदाबाचं, वजन कमी करायचं?"

मागची कुजबुज थांबली. उद्या गावभर झालं असतं, ओरथाय बारीक व्हायला गोळ्या खाते.

"नाही," मी म्हणाले.

"नक्की ना?"

"नक्की. घोड्यासारखी धडधाकट आहे हो."

"हत्तीसारखी म्हण!" मावशी म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो. मीसुद्धा.

घरी ओरथाय वाटच बघत होती. "सांगितलंस ना?"

"सांगितलं."

माझ्या शब्दावर तिने नाक मोकळं करणारी ती गोळी घेतली. सकाळी एक, संध्याकाळी एक. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपलीत चिकट भात काढता काढता ती म्हणाली, "ताई, डोकं फुटतंय गं." आणि भातावरच कोसळली.

इस्पितळातल्या डॉक्टरांना तिच्या पिशवीत दोन्ही गोळ्या सापडल्या. दोन्ही रक्तदाब चढवणाऱ्या, ते म्हणाले. एकत्र घ्यायच्याच नव्हत्या. मेंदूत रक्त सांडलं होतं. "दुकानात कुणी सांगितलं नाही का?"

ओरथायचं अर्धं तोंड लोंबत होतं. माझ्याकडे बघत, शब्द ओढत ती म्हणाली, "मीच... ताईला सांगायला... विसरले."

तिला कळलं होतं. आणि मी गप्प बसले. डॉक्टर निघून गेले. मी तिचा हात धरला, तिने बोटांनी जमेल तेवढं दाबलं. संध्याकाळी ती गेली.

अग्नी दिल्यानंतर चौथ्या दिवशी प्रवचन होतं. अध्याय परत करू नकोस, पुण्य ओरथायच्या नावे जाईल, असं भिक्खू म्हणाले, म्हणून मी एकटी पुढे जाऊन बसले. सोमजीन मावशी शेजारी येऊन टेकली, खांद्यावर हात ठेवून रडू लागली.

"त्या दुकानवालीला सोडू नकोस पोरी. तिच्याच गोळीने ओरथाय गेली. आम्ही सगळ्या तुझ्या बाजूने साक्ष देऊ. आजपासून कुणी तिची पायरी चढणार नाही."

आता मात्र मला गप्प बसवेना.

"मावशी, तिने दोनदा विचारलं होतं. तू मागेच होतीस. ओरथाय वजनाची गोळी घेत होती, मला ठाऊक होतं. तुम्हाला कळू नये म्हणून मी नाही म्हणाले. आणि घरी तिला म्हणाले, दुकानात सांगितलं."

आसपासच्या बायका वळून बघू लागल्या. मावशीचं रडणं थांबलं.

तिने खांद्यावरचा हात काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.