पोटावरची रेघ

तिला सगळी गल्ली कात्री म्हणायची. कपडे बेतायची म्हणून, पण त्याहून तिच्या जिभेमुळे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आजूबाजूला पसरलाय, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हाही तिने फटकन विचारलं, "मग उपयोगाचं काय आहे ते बोला."

उपयोगाचे उपाय दोन होते आणि ते एकदमच करायचे होते: रोज किरणं आणि दर आठवड्याला केमो. औषधाने गाठ कमजोर झाली की किरणांचा घाव नीट बसतो, फक्त मध्ये खाडे नकोत. कात्रीला हे पटलं. तिच्या ताईला काही पटेना. उलट्यांनी धाकटीचं पार पाप्याचं पितर झालेलं बघून ती रोज म्हणायची, "केमो सोड. नुसती किरणं पुरेत. माणूस आहेस की दगड?"

त्या सकाळी अंघोळीत पोटावरची शाईची रेघ पुसली गेली. मशीन कुठे रोखायचं ते त्या रेघेवरून ठरायचं. रेघ नाही म्हणून परत पाठवलं तर ताईला आयतंच निमित्त मिळेल, या धास्तीने कात्री आरशासमोर ताठ उभी राहिली आणि पेनाने स्वतःच रेघ ओढून मोकळी झाली. जन्म रेघा ओढण्यात गेलेला, हात जराही हलला नाही.

मशीनवरच्या मुलीने तिला टेबलावर झोपवल्याबरोबर रेघेतली गडबड ओळखली. "ही कुणी ओढली?"

"मी. वाकडी आहे का?"

"सरळ आहे, पण चुकीच्या जागी. उभ्याने ओढलीत ना? आडवं झालं की पोट सरकतं. किरणं भलतीकडेच गेली असती. पुन्हा स्कॅन करून खूण करावी लागेल. उद्या या."

कात्रीचा चेहरा खर्रकन उतरला. 'नीट उभे राहा, माप चुकेल' असं गिऱ्हाइकांवर खेकसणारी बाई स्वतःचंच माप चुकली होती. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"चल घरी," दारातून ताई म्हणाली. "आजच्या केमोचंही उद्याच बघू."

"उद्या नाही!" कात्री उठून बसली. "चूक माझी, शंभरदा माझी. हव्या तेवढ्या शिव्या घाल पोरी, पण स्कॅन आजच. मी बाहेर बसते, खोली रिकामी झाली की हाक मार."

"लघवी धरून ठेवावी लागेल तोवर. स्कॅनला आणि किरणांना मूत्राशय भरलेलं लागतं."

"दुकानात गर्दी असली की मी जागची हलत नाही. सवय आहे मला."

बाकावर ती दात-ओठ खात बसून राहिली. शेजारी ताईच रडायला लागली. "तुझे हाल बघवत नाहीत गं मला."

"मग बघू नकोस. मला जगायचंय, ताई. एका उपायाने भागलं असतं तर दुसरा मीच सोडला असता."

दुपारी स्कॅन झाला, नवी रेघ आली, किरणं झाली, आणि कात्री आधी संडासाकडे पळाली. तिथून दोघी थेट केमोच्या खोलीत गेल्या. ताईनेच खुर्ची पुढे ओढली, मग धाकटीच्या पिशवीतलं पेन काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं.

"हे आता माझ्याकडे राहील. आणि या रेघा कधीपर्यंत मिरवणार आहेस अंगावर?"

"शिवून होईपर्यंत," कात्रीने नर्सपुढे हात केला. "त्याआधी कापडावरचा खडू कुणी झटकतं का?"