दोनशे सतराचा शेरा

"हल्ली झाडंसुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटतात," बुंध्याला कान लावून ठोकेकाका कुरकुरले.

मी इतकी जवळ उभी होते की त्यांच्या तोंडातल्या खोकल्याच्या गोळीचा वास मला येत होता. मी वहीत बघत राहिले. आमच्या उद्यान खात्यात वहीत बघणं ही मोठी सोय आहे. तिथे कुणी काही विचारत नाही.

आमच्या प्रभागाचा वृक्ष आराखडा करायचं काम तीन महिने चाललं होतं. सहाशे बारा झाडं. प्रत्येकाला नंबर, घेर, उंची, आणि शेवटच्या रकान्यात चारांपैकी एक शब्द: ठेवा, छाटा, लक्ष ठेवा, काढा. पुढच्या पाच वर्षांत कुणाला कधी करवत लागणार, ते त्या एका शब्दावर ठरणार होतं. आणि तो शब्द ठरायचा काकांच्या लाकडी मोगरीवर. काका बुंध्यावर मोगरी मारत, आवाज ऐकत आणि सांगत, "भरीव" नाहीतर "पोकळ". तीस वर्षं हेच. म्हणून ते ठोकेकाका. खरं नाव पगारपत्रकात असेल, मी कधी पाहिलं नाही.

मी या खात्यात आले ती टपाल वाटायला. झाडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. काकांनीच शिकवलं. आता मी सत्तेचाळीसची आहे, तरी त्यांच्यासाठी 'पोरी'च.

त्या मंगळवारी आम्ही शाळेच्या फाटकाजवळ होतो. दोनशे सतरा नंबर. जुना शिरीष, खाली सिमेंटचा बाक. शाळा सुटायच्या वेळी आया, आज्या तिथे बसून मुलांची वाट बघतात. रस्ता खणलेला होता, धूळ उडत होती, मी डोळे सोडून कपाळासकट सगळं तोंड रुमालात गुंडाळलं होतं. काकांनी तीनदा मोगरी मारली आणि नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"भरीव," ते म्हणाले. "ठेवा लिही."

मला तो आवाज रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा वाटला होता. पण तसं म्हणायचं, तर त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट म्हणावी लागली असती. मी 'ठेवा' लिहिलं.

ती दुसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. काकांच्या मागून कुणी हाक मारत नसे, वळसा घालून समोर येत. खात्याच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्याशी बोलताना इतका ओरडायचा की पलीकडच्या जन्म-मृत्यू विभागातून लोक डोकावत. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमच्यात आता भांडणं होत नाहीत गं. एकटीनं किती भांडायचं?" आम्ही दोघी हसलो होतो. हसून झाल्यावर त्या पदराने चष्मा पुसत बसल्या.

मी मनाची समजूत घातली होती. माणसांचं ऐकू येत नसेल, झाडांचं येतं. आणि तसं होतंही. मी सोबत असले की त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. मोगरी काढून घेतली, तर त्यांना रोपवाटिकेत पिशव्या भरायला बसवतील. अकरा महिने कसेही निघतील, असं मी म्हणत होते. आमच्या खात्याच्या प्रमुख मॅडमही तेच म्हणत असाव्यात, कारण काकांचा विषय निघाला की त्या लगेच चहा मागवायच्या.

गुरुवारी दुपारी वाचनालयामागचं अठ्ठ्याऐंशी नंबरचं झाड मधोमध फाटलं आणि त्याचा अर्धा भाग सायकलींवर कोसळला. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. चार सायकली पापडासारख्या चपट्या झाल्या. वहीत लिहिलं होतं: भरीव, ठेवा.

"वारा असेल," मॅडम म्हणाल्या.

"एखादा झोत येतो कधीकधी," ड्रायव्हर म्हणाला.

माझ्या टेबलावरचे सुटे कागद सकाळपासून जागचे हलले नव्हते. मीसुद्धा म्हणाले, "हो, झोतच."

काका कोपऱ्यात बसून मोगरीची मूठ फडक्याने पुसत होते. आम्ही काय बोललो ते त्यांनी विचारलं नाही.

शुक्रवारी चार वाजता आराखड्यावर सही व्हायची होती. रात्रभर मला तो बाक दिसत होता. अकराच्या सुमारास मी काकांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "दोनशे सतराचा घेर लिहायचा राहिलाय. चला जरा."

घेर लिहिलेला होता. त्यांनाही ते माहीत असणार, टेप त्यांनीच धरली होती. पण ते मोगरी घेऊन उठले.

बाकावर एक आजी आधीच येऊन बसल्या होत्या. शाळा सुटायला तासभर होता. "घरी बसून तरी काय करू," त्या आपणहून म्हणाल्या. "इथं सावली आहे."

मी टेप काढली नाही. काकांनीही मागितली नाही. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्याशी वाकले, साल नखाने खरवडून पाहिली. मग मोगरी माझ्या हातात दिली.

"तू मार."

"मी?"

"मार, पोरी. आणि तो रुमाल काढ."

मी रुमाल गळ्यात ओढला आणि मोगरी मारली. खांद्याच्या उंचीवर, मग खाली, मग बाकाच्या बाजूने. तिकडे पुन्हा एकदा मारली. बाकावरच्या आजी वळून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर माठासारखं वाजतंय!"

काका झाडाकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"हां," ते म्हणाले. "आली आठी. पोकळ असलं की तुझ्या कपाळाला आठी येते. शिकायला लागलीस तेव्हापासूनची सवय आहे तुझी." मग म्हणाले, "मंगळवारी कपाळावर रुमाल होता. आणि अठ्ठ्याऐंशी वाजवलं त्या दिवशी तू रजेवर होतीस."

मी काहीतरी बोलायला लागले. "काका, तसं नाही, वारा..."

"मोठ्यानं बोलू नकोस. उपयोग नाही." त्यांनी माझ्या हातातली मोगरी परत घेतली नाही. ते आजींपाशी गेले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आजी, तिकडं भिंतीपाशी बसा. ऊन आहे, पण बसा." त्यांना हाताला धरून उठवलं, भिंतीपर्यंत नेऊन बसवलं. मग बाकावर आडवी दोरी बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"तुझ्या रजेचे दिवस शोध," ते परत येऊन म्हणाले. "त्या दिवशीची सगळी झाडं परत वाजवायची. तू वाजवायचीस. आज सही होणार नाही, असं मॅडमना मीच सांगतो."

"सांगणार काय त्यांना?" मी त्यांच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत विचारलं.

त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. मी दोनशे सतराचं पान काढलं. 'ठेवा' खोडून 'काढा' लिहिलं. आकडे नीट लागलेत की नाही, हे बघायचे तसे ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"आता शेरा," ते म्हणाले. "लिही. तपासणाऱ्याला दोन वर्षं ऐकू येत नाही."