शेंगोळ्यांचं नाव काढायचं नाही

पुरुष घडवायला पिढ्या खर्ची पडतात, असं जाणकार सांगतात. गोरक्षला घडवायला सुपा ते सावेडी एवढा रस्ता पुरला.

गोरक्ष मूळचा तिसगावचा, वय एकतीस, सुप्याच्या एमआयडीसीत पार्ट तपासायच्या कामाला. खोलीवर चौघं राहत. त्यातल्या तिघांना खायला येई आणि गोरक्षला करायला. त्याच्या हातच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांसाठी पोरं शिफ्ट बदलून घेत. हा गुण लग्नाच्या बायोडाट्यात आजवर आला नव्हता. तिथं ‘छंद : व्यायाम, वाचन’ असं होतं. दोन्ही खोटं, पण पुरुषाला शोभणारं.

त्या रविवारी सावेडीत पंधरावी मुलगी बघायची होती. आसाराममामा गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर गोरक्षची आई कडूबाई. गोरक्षची दाढी खोलीवरच्या पोरांनी आदल्या दिवशी कोरून आणली होती, सलूनवाल्याला मोबाईलमधला एक पैलवान दाखवून. हा पैलवान रोज गाडीच्या बॉनेटवर बसून खरा मर्द कसा असतो ते सांगायचा. त्या दाढीत गोरक्ष पोलिसांना हव्या असलेल्या माणसासारखा दिसत होता.

“आता जमलं,” मामा म्हणाले. “चौदा पोरी का गेल्या म्हाईताय? तू हसतोस. पानी आलं की उठून ट्रे धरतोस. मागं त्या पोरीच्या आईला काय म्हनलास? पोहे जादा भिजलेत!”

“भिजले हुते, मामा.”

“भिजले असतील! आपल्याला कळलं न्हाई पायजे.”

मागून आई म्हणाली, “आरं पन आसाराम, पोरगी नोकरीवाली हाय. ह्याच्या शेंगोळ्यांचं सांगितलं तर...”

“अक्का! शेंगोळ्यांचं नाव काढायचं न्हाई.”

मामांचा या विषयात अधिकार होता. मामी माहेरी गेल्या की मामा चार-चार दिवस हॉटेलातल्या चहात बिस्किटं बुडवून काढत आणि हे सांगताना त्यांची मान ताठ होई.

मुलीचे वडील भागवतराव यांनी सोफ्यावर बसवलं. गोरक्ष शिकवल्याप्रमाणे गुडघे फाकवून बसला, त्यामुळे मामा कोपऱ्यात चेपले गेले. पाण्याचा ट्रे आला. गोरक्षचे हात आपोआप वर गेले, मामा खाकरले, हात परत गुडघ्यांवर आले. पोहे उत्तम झाले होते. तो काही बोलला नाही.

“पोरांना दोन शब्द बोलू द्या,” असं भागवतरावच म्हणाले. गोरक्ष आणि मुलगी, निकिता, गच्चीवर गेले. मामाही ‘वरून एरिया बघतो’ म्हणत मागोमाग चढले आणि पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले.

निकिता पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. तिनं सरळच विचारलं, “माझी ड्यूटी सकाळी सातची असते. घरात दोघांनी करायला हवं. तुम्हाला स्वयंपाक येतो?”

चौदा मुली झाल्या, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हुलग्याचं पीठ, लसूण, कडकडीत फोडणी, सगळं एकदम गोरक्षच्या जिभेवर आलं. हिच्याशी आपलं जमेल, हे त्याला तेवढ्यात कळलं. टाकीपाशी मामा खाकरले.

“नाही,” गोरक्ष म्हणाला.

“चहा?”

“चहा पण नाही.”

“मग खोलीवर काय करता?”

“मागवतो.”

“रोज?”

“रोज.”

आवाज त्या बॉनेटवाल्याचा निघाला. दाढी खाजत होती. पण मामांनी हाताची घडी सोडायची नाही म्हणून बजावलं होतं. निकितानं एकदा टाकीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. “बरं,” म्हणाली आणि खाली गेली.

परतताना मामा खूश होते. “ह्याला म्हनायचं रुबाब! एक तरी दात दिसला का?” आई खिडकीबाहेर बघत राहिली.

चार दिवस गोरक्ष खोलीवर मुकाट कणीक मळत होता. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं कँटीनमागं जाऊन भागवतरावांना फोन लावला.

“काका, मी तुमच्या घरी खोटं बोललो.”

“कशाबद्दल?” आवाज सावध झाला.

“मला स्वयंपाक येतो.”



“सगळा?”

“सगळा. भाकरी पण. निकितामॅडमना सांगाल का?”

“तिला माहीत आहे,” भागवतराव म्हणाले. “घरी तुमचं नाव निघालं की म्हणते, मनगटावर तव्याचे चटके आहेत आणि म्हणे मागवतो. तिचं काही म्हणणं नव्हतं हो. पण आपलं नाही जमायचं.”

“का, काका?”

भागवतरावांनी कंपनीच्या गेटवर चौकशी केली होती. गोरक्ष ठेकेदाराकडून कामाला होता. परमनंट नव्हता.